शुक्रवारचा निरोप : चिमठाण्याच्या खजिन्यावरील कादंबरीतील एका प्रकरणाचा अभ्यास

१४ एप्रिल १९४४ रोजी, शुक्रवारी, धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सुमारे साडेपाच लाख रुपयांचा सरकारी खजिना क्रांतिकारकांनी शिंदखेडा तालुक्यातील चिमठाण्याजवळ अडवून लुटला. साताऱ्याच्या प्रतिसरकारातील जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासह खानदेशातील भूमिगत कार्यकर्ते या कामात होते. आदल्या वर्षी, ७ जून १९४३ रोजी, शेणोलीजवळ पगाराचे पैसे नेणारी रेल्वेगाडी याच चळवळीने अडवली होती. लढा चालवायला पैसा लागतो आणि तो सरकारच्या तिजोरीतूनच घ्यायचा, हे सूत्र चिमठाण्यालाही लागू होते. खानदेशापुरते बोलायचे तर खजिन्याची वाट अडवणे ही इथली जुनी रीत आहे, कारण नोव्हेंबर १८५७ मध्ये खाज्या नाईकांच्या भिल्लांनी सेंधव्याच्या घाटात सात लाखांचा खजिना लुटलाच होता.

या घटनेवर मी कादंबरी लिहिण्यास घेतली, तेव्हा लुटीचे दृश्य मला अवघड वाटले नाही. अवघड गेले ते त्याआधीचे प्रकरण, ज्यात खजिना शुक्रवारी निघणार ही बातमी कचेरीतून रस्त्यापर्यंत पोचते. ते प्रकरण मी चार वेळा लिहिले. चारही वेळा काय चुकले आणि शेवटी ते कशावर येऊन टेकले, याची ही मांडणी आहे. स्वातंत्र्यलढ्यातील हेरगिरीवर मराठीत लिहू पाहणाऱ्या इतरांना माझ्या चुका उपयोगी पडतील, असे मला मनापासून वाटते.

पहिल्या खर्ड्यात माझा नायक हवालदाराचा वेश करून रात्री कोषागारात शिरत होता आणि नोंदवही पाहून बाहेर पडत होता. वाचायला ते रंगतदार होते, पण कोषागाराची व्यवस्थाच मुळी असल्या एकट्या माणसाचे काही चालू नये म्हणून केलेली असे. तिजोरीच्या खोलीला दोन कुलपे, दोन किल्ल्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे, आणि दोघे हजर असल्याशिवाय दार उघडायचे नाही, हा तिथला मूळ नियम होता. दार न उघडता नोंदवहीपर्यंत पोचता येईल, असे म्हणून मी आठवडाभर स्वतःची समजूत घातली. मग पैशाचे वजन काढायला बसलो आणि उरलेला खर्डाही कोसळला. मी पोत्यांत खणखणणारे रुपये भरले होते. त्या काळचा रुपया बरोबर एक तोळा वजनाचा. साडेपाच लाख रुपये नाण्यांत म्हणजे साडेपाच लाख तोळे, ८० तोळ्यांच्या शेराने ६,८७५ शेर, ४० शेरांच्या मणाने जवळपास १७२ मण. आजच्या मापात ते सुमारे ६,४०० किलो भरते. एवढा ऐवज उचलून अंधारात शेतांतून पळणारी माणसे मी रंगवली होती. तीच रक्कम दहाच्या नोटांत घेतली तर शंभर नोटांची ५५० बंडले होतात आणि शंभराच्या नोटांत घेतली तर ५५. म्हणजे मुख्य रक्कम नोटांचीच असली पाहिजे, आणि नोटा असल्या की आवाज नाही, वजन नाही, खणखणाट ऐकून कोणाला सुगावा लागण्याचा प्रश्नही नाही. कादंबरीतील हेराला आता कानांनी काही कळणार नव्हते. त्याला दुसरे काहीतरी दिसायला हवे होते.

ते दुसरे काहीतरी मला लाखेत सापडले. सरकारी पेट्या आणि थैल्या बंद केल्यावर गाठीवर लाख वितळवून त्यावर मोहोर उठवली जाते. हे काम खालचा माणूस करतो. लाखेची कांडी दिव्यावर धरताना थेंब कागदावर पडतात, टेबलावर पडतात, आणि हमखास बोटांवरही पडतात. गरम थेंब कातडीला चिकटला की चटका बसतो आणि गार झाल्यावर तो नखाने खरवडून काढावा लागतो. माझ्या कल्पित पट्टेवाल्याच्या उजव्या अंगठ्याच्या कडेला असा एक लाल थेंब राहून गेला. संध्याकाळी तो जेवायला बसला, भाकरी मोडू लागला आणि त्याच्या बायकोने तो थेंब आणि शेजारची लाल झालेली बोटे पाहिली. रोजच्या टपालाच्या पाकिटांना लागणाऱ्या लाखेने माणसाची तीन बोटे लाल होत नाहीत, हे तिला सहा वर्षांच्या संसारात ठाऊक झालेले आहे. ती काही विचारत नाही. ताटात ठेचा वाढते.

माझा हेर मला मिळाला तो या ओळीवर. पण तिसऱ्या आणि चौथ्या खर्ड्याची कथा सांगण्याआधी दुसऱ्या खर्ड्यातील एक चूक सांगितली पाहिजे, कारण ती चूक लेखनाची कमी आणि माणुसकीची जास्त होती.

दुसऱ्या खर्ड्यात बातमी फुटण्याच्या उलट बाजूला, म्हणजे क्रांतिकारकांची बातमी पोलिसांना देणारा म्हणून, मी रस्त्याकडेच्या एका गावचा पोलीस पाटील घातला होता. त्यामागे मला हिशेबही दिसत होता, कारण १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने गावात आलेल्या परक्या माणसाची खबर वर देणे हे त्याचे कर्तव्यच होते. त्याचे नाव कल्पित होते, स्वभाव कल्पित होता. त्या पट्ट्यातील एका वाचनालयात मी ते पान वाचून दाखवले, तेव्हा मागच्या बाकावरील एका वृद्ध गृहस्थांनी एकच प्रश्न विचारला, "गावाचं नाव खरं ठेवलं आहे ना तुम्ही?" मी हो म्हणालो. ते उठून गेले. त्या प्रश्नाचा अर्थ मला घरी परतताना कळला. गावात शेतकरी शंभर असतात, सुतार दोन-तीन असतात, पण पोलीस पाटील एकच असे, आणि त्या काळी ते काम बहुधा वंशपरंपरेने एकाच घराण्यात चालत आलेले असे. गावाचे नाव खरे ठेवून पाटलाला फितूर केले की माणसाचे नाव लिहिण्याची गरजच उरत नाही. सगळा गाव बोट दाखवू शकतो, आणि आज त्या घरात राहणाऱ्या नातवंडांना माझ्या कल्पनेचे उत्तर देत बसावे लागते. ज्या घरावर इतिहासाने कधी आळ घेतला नाही, त्या घरावर तो मी घेतला होता. दुसऱ्या दिवशी मी ते पात्र काढून टाकले. त्या गृहस्थांना पत्रही पाठवले. उत्तर आले नाही, आणि ते येण्याची अपेक्षा मी ठेवायलाही नको होती.

कल्पनेने भरलेली जागा पुढे इतिहास म्हणून वावरू लागते, याचे एक उदाहरण परदेशातील आहे आणि ते इथे अगदी लागू पडते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात बेंजामिन टॉलमॅज या अधिकाऱ्याने १७७८ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रिटिशांच्या हालचाली कळाव्यात म्हणून हेरांची साखळी उभी केली. एब्राहम वुडहल आणि रॉबर्ट टाउनसेंड हे तिचे मुख्य धागे, आणि ‘कल्पर’ हे त्यांचे टोपणनाव. त्यांच्या सांकेतिक कोशात शब्दांना आकडे दिलेले होते. ७११ म्हणजे सेनापती वॉशिंग्टन, आणि ३५५ म्हणजे नुसते ‘स्त्री’. वुडहलच्या १७७९ च्या एका पत्रात हा ३५५ चा आकडा एकदाच येतो. तेवढ्या एका आकड्यावरून पुढच्या लेखकांनी एक देखणी, धाडसी, तुरुंगात मेलेली गुप्तहेर स्त्री घडवली आणि वाचकांनी ती खरी मानली. एका सामान्य नामाला चरित्र चिकटले. हे वाचताना मला माझा पाटील आठवला, कारण त्याचीही अशीच गत झाली असती. फरक इतकाच की ३५५ च्या वाट्याला गौरव आला आणि माझ्या पाटलाच्या वाट्याला कलंक आला असता.

म्हणून तिसऱ्या खर्ड्यासाठी मी स्वतःला एक अट घातली. बातमी अशा वाटेने बाहेर पडली पाहिजे, की तीत कोणी विश्वासघात करावा लागणार नाही आणि कोणत्याही खऱ्या घरावर संशय जाणार नाही. पट्टेवाल्याची बायको या अटीत बसत होती. तिला नवऱ्याने काही सांगितले नाही, तिने काही चोरले नाही, तिने फक्त पाहिले. आता प्रश्न होता तो निरोप धुळ्याहून पुढे कसा जातो याचा.

पहिला विचार रेल्वेचा. पण धुळ्याची रेल्वे चाळीसगावला जाते, म्हणजे नेमकी उलट्या दिशेला. तापी खोऱ्यातील सुरत-भुसावळ मार्गावर शिंदखेडा आणि दोंडाईचा आहेत, परंतु त्या मार्गाला धुळे तेव्हा जोडलेले नव्हते. निरोप रस्त्यानेच जाणार. युद्धामुळे पेट्रोलचे रेशनिंग, अनेक मोटारी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या, आणि मोटारीत बसलेल्या अनोळखी माणसाकडे पाहणारे डोळे पुष्कळ. त्यात निरोप न्यायला साताऱ्याकडचा माणूस ठेवला तर त्याने तोंड उघडताच घोटाळा होणार होता. कोणीतरी सहज "कथा जाई ऱ्हायनात भो?", म्हणजे कुठे निघालात भाऊ, असे विचारले आणि त्याने कृष्णाकाठच्या बोलीत उत्तर दिले, की पुढचे दहा मैल तो माणूस चर्चेचा विषय होणार. खानदेशातील भूमिगत कामाला अहिराणीने जे कवच दिले, त्याकडे आपण लिहिणारे पुरेसे लक्ष देत नाही असे मला वाटते. ज्या भाषेत आई ओरडते आणि बैल हाकला जातो, त्या भाषेत सांगितलेला निरोप बाहेरून आलेल्या अंमलदाराच्या कानावर पडूनही त्याला कळत नाही.

म्हणून निरोप्या स्थानिक ठरला आणि त्याला मी मुराळी केले. दिवस चैत्राचे होते. ८ एप्रिलला हनुमान जयंतीची पौर्णिमा होऊन गेली होती आणि आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, अकरा-बारा दिवसांवर आली होती. आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते, तिला न्यायला भाऊ येतो, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. खानदेशात त्या दिवसांत एखाद्या बाईच्या दारात तिचा भाऊ उभा राहिला तर त्याच्याकडे कोण संशयाने पाहील? मी त्या दोघांना गुरुवारी धुळ्याहून निघालेल्या मोटारीत बसवले, तिच्या बोचक्यात चिठ्ठी ठेवली आणि हा खर्डा मोठ्या समाधानाने माझ्या आत्याला वाचून दाखवला. आत्या दोंडाईच्याकडची आहे, वय नव्वदीला टेकलेले आहे. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "आखाजीले इतला आगेच मुराई येस का रे भाऊ?"

अकरा दिवस आधी मुराळी येत नाही. घरात सासू आहे, पापड-कुरडयांची कामे उरकायची आहेत, सून इतक्या लवकर सोडणार कोण? तिच्या मते अशी बाई मोटारीत दिसली असती तर आळीतल्या बायकांनीच पहिल्यांदा विचारले असते, की हिचे सासरी काही बिनसले का. ज्या सोंगाने संशय टळावा म्हणून मी ते योजले, तेच सोंग संशय ओढवून घेत होते. मी हिरमुसलो. आत्या मात्र विचार करत राहिली आणि थोड्या वेळाने तिने सांगितले, की न्यायला इतक्या लवकर येत नाहीत, पण ‘कधी येऊ’ हे विचारायला येतात. बाजाराला आलेला भाऊ दारावरून जाताना डोकावतो, घोटभर पाणी पितो, दिवस ठरवतो आणि जातो.

चौथा खर्डा या वाक्यातून निघाला. त्यात बाई कुठेच जात नाही, चिठ्ठीही नाही. बुधवारी सकाळी तो माणूस दारात येतो. ओट्यावर सासू तांदूळ निवडत बसली आहे, समोरच्या घरी पोलिसात असलेला शेजारी दाढी करतो आहे. तो विचारतो, ताई, न्यायला कधी येऊ? आणि ती सगळ्यांच्या देखत, मोठ्याने सांगते, "शुक्रवारले येऊ नको भाऊ, घरमा कोनी नही." नवरा शुक्रवारी बाहेरगावी जाणार आहे, घराला कुलूप लावून जाता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. समोरचा शेजारी हे ऐकतो आणि वस्तरा गालावरून खाली ओढतो. लाखेचा थेंब तिने आदल्या रात्री पाहिलेला आहे. नवऱ्याने बाहेरगावी जायचे म्हणून शुक्रवारसाठी शिदोरी सांगून ठेवली आहे. दोन साध्या गोष्टी तिने एकत्र केल्या आणि तिसरी साधी गोष्ट बोलून दाखवली. माझ्या समजुतीप्रमाणे हेरगिरीचे बहुतेक काम असेच चालते.

वेळेचा प्रश्न उरला होता, आणि तो माझ्या अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीचा निघाला. आधीच्या खर्ड्यांत मी सरळ ‘दहा वाजता निघणार’ असे लिहिले होते. पण सप्टेंबर १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत सरकारने देशातली घड्याळे एक तास पुढे ठेवली होती. धुळ्याच्या रेखांशाचा हिशेब केला तर एप्रिलमध्ये तिथे सूर्य डोक्यावर येई तेव्हा कचेरीतील घड्याळात दीड वाजलेला असे. कचेरीचे ‘दहा’ म्हणजे शेतातल्या माणसाच्या दृष्टीने जेमतेम साडेआठाचे ऊन. वाटेत थांबलेल्या माणसांना निरोपातले दहा कोणते हे कसे कळावे? तासाभराची चूक म्हणजे एकतर मोटार निघून गेलेली, नाहीतर तासभर उघड्यावर ताटकळणे, आणि एप्रिलच्या शिवारात उघड्यावर थांबणे म्हणजे काय हे खानदेशी माणसाला सांगावे लागत नाही. पहिल्या खर्ड्यात मी माणसांना उभ्या ज्वारीत लपवले होते. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, फाल्गुनापर्यंत निघून जाते, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून सरपणाला लागलेल्या असतात, बुराई नदीचे पात्र कोरडे पडलेले असते आणि मैलभरावरून शेळी ओळखू येते. अशा रानात लपता येत नाही, तिथे असण्याचे कारण जवळ असावे लागते. म्हणून कादंबरीत मी त्यांना लग्नसराईतील वऱ्हाडी केले आणि छकड्याचे चाक काढून रस्त्याकडेला बसवले. चाक दुरुस्त करणारी माणसे अर्धा तास थांबली तर चालते, दोन तास थांबली तर कोणीतरी मदतीला येते. वेळ अचूक हवी होती ती यासाठी.

उत्तर स्वयंपाकघरातच होते. बाई घड्याळ सांगत नाही. निघणाऱ्या भावाला ती म्हणते, की त्या दिवशी त्यांना घरी न्याहारीलाही सवड नाही, कळण्याची भाकरी बांधून द्यायची आहे. पहाटेची शिदोरी म्हणजे दिवस उगवताच कचेरीत हजेरी, त्यानंतर पेट्या मोजून मोटारीत चढवणे, म्हणजे न्याहारीच्या वेळेला धुळे सुटणार. हे गणित ऐकणाऱ्याला घड्याळाशिवाय करता येते आणि सरकारने काटे कितीही पुढे ढकलले तरी भुकेची वेळ पुढे जात नाही.

इथवर आलो तेव्हा प्रकरण बांधून झाले असे मला वाटले. पण त्या बाईने जे केले त्याचा पुरता अर्थ मी अजून कागदावर उतरवला नव्हता. शुक्रवारी त्या मोटारीत तिचा नवरा बसणार आहे. बरोबर बंदूकधारी शिपाई असतील, अडवणाऱ्यांकडेही हत्यारे असतील, गोळी कोणाला लागेल हे कोणाच्या हाती नाही. दारात उभी राहून, हसतमुखाने, तिने तो दिवस सांगितला आहे. ती देशासाठी नवऱ्याचा बळी द्यायला निघालेली वीरांगना आहे, असे लिहिणे सोपे होते आणि ते खोटे ठरले असते. तिला काही कळत नव्हते, असे लिहिणे त्याहून खोटे. मी दोन दिवस नुसता बसून होतो. शेवटी तिला आणखी एक वाक्य दिले, तेही सर्वांच्या देखत. पाण्याचा तांब्या परत घेताना ती भावाला सांगते, तुझ्या मेव्हण्याला उन्हाचा त्रास आहे, डोक्याला पांढरे उपरणे बांधूनच घराबाहेर पडतात. ऐकणारा मान डोलावतो. पांढऱ्या उपरण्याच्या माणसाला सांभाळा, एवढी एकच मागणी तिने या साऱ्या कामाच्या बदल्यात मागितली आहे, आणि ती पोचली की नाही हे तिला शुक्रवारी रात्रीपर्यंत कळणार नाही.

एक लहान दुरुस्ती शेवटी करावी लागली. त्याच शुक्रवारी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला होता. मी शनिवारी सकाळी धुळ्याच्या चौकात माणसे वर्तमानपत्रातून ही हकीकत सविस्तर वाचताना दाखवली होती. युद्धकाळातील सेन्सॉर ध्यानात घेता ते दृश्य ठेवता येईना, म्हणून काढले. त्या जागी आता तिचे घर आहे. वद्य पक्षातली रात्र आहे, चंद्र मध्यरात्र उलटल्याशिवाय वर येणार नाही, रॉकेलच्या टंचाईमुळे कंदील मंद ठेवला आहे आणि सासू दोनदा विचारून गेली आहे, की अजून कसा आला नाही.

हा खर्डा मी पुन्हा आत्याला वाचून दाखवला. मुराळी, शिदोरी, उपरणे, तिने कशालाही हरकत घेतली नाही. मी वही मिटली तेव्हा ती म्हणाली, "मंग, तो घर उना का?"

ते पान मी लिहिलेले नव्हते. त्याच रात्री लिहिले. तो तिसऱ्या दिवशी आला, जबाब देऊन, न झोपलेल्या डोळ्यांनी, उपरणे हातात घेऊन. तिने त्याच्या हातावर पाणी घातले आणि अंगठ्याच्या कडेचा लाखेचा थेंब नखाने खरवडून काढला.